मुक्त सॉफ्टवेअरचा ऑनलाइन सप्ताह: वक्ते शोधण्याआधी पहारे लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातले आठ जण, म्हणजे पाच अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दोन शिक्षक आणि एक लेखापाल, सप्टेंबरमध्ये मुक्त सॉफ्टवेअरवर आठवडाभर ऑनलाइन व्याख्यानं ठेवणार आहेत. (मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ स्रोत सगळ्यांसाठी खुला असतो आणि जे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतं असं.) बोलणारे आपल्यातलेच असावेत अशी त्यांची इच्छा आहे. वक्ते कुठून आणायचे, कोणतं साधन वापरायचं, खर्च किती येईल, असं त्यांनी विचारलंय. सोबत कच्चा आराखडाही दिलाय: सहा दिवस, रोज चार व्याख्यानं, एकूण चोवीस.

आराखड्यापासूनच सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. चोवीस खोडा आणि नऊ लिहा.

मी ग्रंथपाल आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरशी माझी गाठ पडली. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासासाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती भेट आमच्यापर्यंत पोचली, म्हणून ती पुढे द्यावी असं वाटलं आणि त्यातून आजवर असे चार सप्ताह उभे केले. पहिल्या वेळी आमचीही यादी तुमच्यासारखीच भरगच्च होती. सोमवारी ऑनलाइन खोली भरलेली, बुधवारी निम्मी. शुक्रवारी रात्री एक मुलगा महिनाभर तयारी करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर बोलायला बसला तेव्हा समोर सूत्रसंचालक, मी आणि आणखी चार जण होते. तो नीट बोलला, शेवटपर्यंत बोलला, आणि नंतर पुन्हा कधी बोलायला आला नाही. ते मला अजून लागतं. दोष त्याचा नव्हता, विषयाचाही नव्हता. ऐकणाऱ्यांना आम्हीच दमवून टाकलं होतं. दिवसभर कॉलेज नाहीतर कार्यालय करून आलेला माणूस संध्याकाळी दीड तास मन लावून ऐकू शकतो. त्यानंतर तो नुसता हजर असतो.

म्हणून सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ. सोमवारी एकच व्याख्यान, मंगळवार ते शुक्रवार रोज दोन. प्रत्येक पंचवीस मिनिटांचं, त्यानंतर पंधरा मिनिटं प्रश्न, आणि दोन व्याख्यानांमध्ये दहा मिनिटं पाणी प्यायला. शनिवारी व्याख्यान नाहीच. शनिवारी काय करायचं ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. ‘सप्ताह’ हा शब्द मी विचार करून वापरते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि मोठा वक्ता, समोर श्रोते, शेवटी आभार ही रीत आपल्याकडे रुजली. तिचं मोल आहेच. पण तुम्हाला जे करायचंय त्याचा नमुना तिथे सापडणार नाही, गावातल्या हरिनाम सप्ताहात सापडेल. कीर्तनकार बाहेरगावचा असतो, येतो, दोन तास कीर्तन करतो आणि जातो. सात दिवस वीणा मात्र खाली ठेवायची नसते, आणि तिचा पहारा गावकरीच वाटून घेतात. पहाटे दोन ते चार कोण उभं राहणार हे आधी ठरलेलं असतं. पंगत कोणाची, हेही ठरलेलं असतं. सप्ताह गावाचा असतो तो या पहाऱ्यांमुळे, कीर्तनकार कितीही नावाजलेला असो.

तुमचे पहारे चार. एक सूत्रसंचालन. दुसरा प्रश्न गोळा करण्याचा. तिसरा तंत्राचा, म्हणजे रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण बघणारा. चौथा फोनवर बसणारा: वक्त्याची वीज गेली, दुवा उघडत नाही, आवाज येत नाही, या सगळ्यांसाठी एकच नंबर. हा चौथा पहारा लोक हमखास विसरतात, आणि मग सूत्रसंचालकच बोलता बोलता फोन उचलतो. शनिवार धरून सहा दिवस, रोज चार पहारे, म्हणजे चोवीस; आठ जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला तीन. तुमचा चोवीसचा आकडा इथे बरोबर बसतो. ही वाटणी आजच करा, वक्त्यांच्या आधी. ज्याचा पहारा नाही त्याने त्या दिवशी श्रोता म्हणून बसायचं, कामात हात घालायचा नाही.

वक्त्यांबद्दल. नावं आठवायला बसलात की पुण्या-बंगळुरूची दहा नावं सुचतील. त्यातलं फार तर एक ठेवा. बाकीचे आठ वक्ते नागपुरात आणि आसपास आहेत, फक्त ते स्वतःला वक्ते समजत नाहीत. त्यांना शोधताना ‘मुक्त सॉफ्टवेअरवर कोण बोलेल’ असं विचारू नका, ‘मुक्त सॉफ्टवेअरवर रोजचं काम कोण करतं’ असं विचारा. कोरेलऐवजी इंकस्केप या चित्रं काढायच्या मुक्त साधनावर फ्लेक्स करून देणारा एखादा छपाईवाला असेल. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या साधनावर चाचण्या घेणारी शाळेतली बाई असेल. तुमचा लेखापालच लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे तिथल्या हिशेबाच्या तक्त्यांत, काय काय करतो ते विचारा, तो चकित करेल. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट वापरून हिशेब आणि साठा सांभाळणारा एखादा लहान कारखानदार हिंगण्याकडे चौकशी केलीत तर सापडू शकतो. आणि दृष्टिहीन संगणक-वापरणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला आधी विचारा. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मुक्त आहे, ईस्पीक या मजकुराचा आवाज करणाऱ्या साधनाच्या जोरावर ते मराठीही वाचतं, आणि त्या माणसाच्या तोंडून वीस मिनिटं ऐकल्यावर ‘स्रोत खुला असण्याने काय होतं’ हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या चारही सप्ताहांतलं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान एका टंकलेखन करणाऱ्या ताईंचं होतं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे असल्यामुळे नागपुरात टंकलेखनावर पोट असलेली पुष्कळ माणसं आहेत, आणि त्यांच्या संगणकात वर्षानुवर्षांची कागदपत्रं कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली आहेत. तशा फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. रोमन अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि अगम्य चिन्हं दिसतात. शोधायला गेलं तर सापडत नाही, अकारविल्हे लावायला गेलं तर लागत नाही. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतात देवनागरीसाठी स्वतंत्र १२८ जागा राखलेल्या आहेत, तिथे ‘क’ हा ‘क’च असतो, कोणत्याही संगणकावर. ताईंनी हे सिद्धान्त म्हणून सांगितलं नाही. स्वतःची एक जुनी फाइल उघडली, ती कशी बदलली ते दाखवलं, बदलताना रफार कुठे चुकतो, ‘ऱ्य’ कसा बिघडतो, ते दाखवलं. प्रश्न दहा वाजेपर्यंत चालले. आमचा नऊचा नियम मोडला, आणि त्या दिवशी तो मोडू दिला हे बरंच केलं.

त्यांना तयार करायला मात्र तीन आठवडे लागले. “मॅडम, मी काय सांगणार, माझं इंग्रजी कच्चं आहे.” हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. व्याख्यान मराठीत आहे. फाइल, फोल्डर, सर्व्हर, लिंक हे शब्द आपलेच झालेत, त्यांना प्रतिशब्द शोधत बसायचं नाही. जिथे मराठी शब्द अर्थ उघडून दाखवतो तिथे तो वापरायचा. आणि वऱ्हाडीत बोललात तर उत्तम. “सेव्ह होऊन राहिलं का बघा” हे ऐकणाऱ्याला जितकं आपलं वाटतं तितकं पाठ्यपुस्तकी वाक्य वाटत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीत पाठ करून ठेवले आहेत. नवख्या वक्त्याला त्यातला एखादा पाठ ऐकवा, म्हणजे तांत्रिक गोष्ट मराठीत बोलता येते यावर त्याचा विश्वास बसतो.

इच्छुकांकडून अर्ज मागवा, पण लांबलचक नको. तीन प्रश्न पुरतात. हे सॉफ्टवेअर तुम्ही कशासाठी वापरता? शिकताना पहिल्यांदा कुठे अडलात? तुमचं ऐकून श्रोत्याने शनिवारी स्वतः काय करून बघावं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याचा विषय अजून पिकलेला नाही. त्याला नकार देऊ नका, बसून बोला. बहुतेकदा विषय फार मोठा धरलेला असतो. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली, पण ‘लिनक्सची ओळख’ हा पंचवीस मिनिटांचा विषय नाही. ‘दहा वर्षांचा लॅपटॉप लिनक्स टाकून पुन्हा कसा चालता केला’ हा आहे. अर्ज सांभाळायला प्रीटॅल्क्स हे चांगलं मुक्त साधन आहे, पण नऊ व्याख्यानांसाठी सामायिक तक्ता भागतो.

सोमवारचं एकमेव व्याख्यान तुमच्यातल्या शिक्षकाने द्यावं, आणि ते ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन शब्दांवर असावं. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे तिकडे या चळवळीला गेली चाळीस वर्षं खुलासे करावे लागताहेत. आपल्या भाषेत तो गोंधळ मुळात नाही, त्याचा फायदा घ्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प, म्हणजे संपूर्ण मुक्त संगणक-प्रणाली घडवण्याचा प्रकल्प, जाहीर केला. त्यांच्या मांडणीतली चार स्वातंत्र्यं, म्हणजे हवं तसं चालवणं, आत कसं चालतं ते पाहून बदलणं, प्रती वाटणं आणि सुधारलेली प्रत वाटणं, मराठीत दहा मिनिटांत सांगून होतात. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवला, तो का लागला, त्यात काय मिळवलं आणि काय बाजूला पडलं, हेही त्यात यावं. इतिहास इतकाच. लोकांना कामाकडे जायची घाई असते आणि ती योग्य आहे.

तारीख. सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन २००४ पासून साजरा होतो आणि रूढीने तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो. तुमचा शनिवार त्यावर आणता आला तर छान, पण आधी कालनिर्णय बघा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत या काळात नागपूरकर घरी बसत नाही. गणपतीचे दहा दिवस तर सोडूनच द्या: वक्त्याच्या खिडकीखाली मंडळाचा भोंगा असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर तो आवाज पूर्ण काढू शकत नाही. गणपतीनंतरचा पितृपक्ष मला या कामासाठी फार सोयीचा वाटतो. लग्नं नाहीत, खरेदी नाही, संध्याकाळी मोकळ्या. तिसरा शनिवार गणपतीत येत असेल तर खुशाल एक आठवडा पुढे जा; दिनाचा आग्रह श्रोत्यांपेक्षा मोठा नाही. विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रकही तपासा, नाहीतर पाच विद्यार्थ्यांपैकी तिघं आपले पहारे सोडून जातील आणि त्यांना बोलही लावता येणार नाही.

परदेशातला वक्ता ठेवलात तर साडेसातची वेळ नशिबाने बरी आहे. सप्टेंबरमध्ये आपले साडेसात म्हणजे जर्मनीत दुपारचे चार आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपचं घड्याळ एक तास मागे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेचं. सप्ताह तेव्हापर्यंत ढकलला गेला तर वेळा पुन्हा मोजा. निमंत्रणात भारतीय वेळ आणि वक्त्याची वेळ, दोन्ही लिहा.

आता साधनं. लोक इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम मागे ठेवलं.

पहिलं गणित डेटाचं. तुमचे बरेचसे श्रोते मोबाइलवर, दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर असणार. ७२० रेषांचा व्हिडिओ सेकंदाला अडीच मेगाबिटने गेला तर तासाला एक जीबीच्या थोडा वर जातो. म्हणजे दीड तासाच्या तुमच्या कार्यक्रमात दीड जीबीचा पॅक संपून वर कमी पडतो. तोच नुसता आवाज ६४ किलोबिटने पाठवला तर तासाला तीस एमबीसुद्धा लागत नाही. म्हणून आमच्याकडे दोन वाटा असतात: चित्रासह खोली, आणि केवळ आवाजाचा प्रवाह, ज्यासोबत स्लाइडची पीडीएफ आदल्या दिवशी वाटलेली असते. भामरागडहून एक शिक्षक आठवडाभर फक्त आवाज ऐकत होते. शनिवारच्या कामात सगळ्यात आधी त्यांचं पूर्ण झालं.

खोलीसाठी, म्हणजे व्हिडिओ-बैठकीसाठी, जित्सी किंवा बिगब्लूबटन. दोन्ही मुक्त आहेत, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या सप्ताहात ते शोभतंही. बिगब्लूबटन वर्गासाठीच घडवलेलं आहे: पांढरा फळा, सामायिक टिपणं, मतदान, सगळं आत. पण ते स्वतः चालवायचं तर अधिकृत शिफारस सोळा जीबी मेमरी आणि आठ कोअरची आहे, आणि सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस लागतो. तुमच्यापैकी कोणी ते आधी केलेलं नसेल तर या सप्ताहात शिकू नका. जित्सीची सार्वजनिक खोली लगेच मिळते. ऑगस्ट २०२३ पासून ती उघडणाऱ्याला खात्याने आत यावं लागतं, बाकीच्यांना नाही. माझा सल्ला: खोलीत फक्त वक्ता, पहारेकरी आणि प्रश्न विचारायला बोलावलेले लोक ठेवा. बाकी सगळ्यांना ओबीएस हे रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपणाचं मुक्त साधन वापरून यूट्यूबवर थेट दाखवा. यूट्यूब मुक्त नाही, हे मला मान्य आहे आणि मनाला खुपतंही. पण श्रोता जिथे आहे तिथे गेल्याशिवाय तो आपल्याकडे येत नाही. सगळी रेकॉर्डिंगं इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा डिजिटल संग्रहावरही चढवा, म्हणजे एका कंपनीच्या मर्जीवर ती राहत नाहीत. कार्यक्रमाची आठवण करून द्यायला व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्याला टोकू नका. सप्ताहात पहिल्यांदा आलेल्या माणसाला ‘तू चुकीचं अ‍ॅप वापरतोस’ असं सांगणं हे त्याला दारातूनच परत पाठवणं आहे.

दोन गोष्टी पदराला गाठ बांधून ठेवा. यूट्यूबवर नव्या खात्याला थेट प्रक्षेपण सुरू करून मिळायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. ते खातं महिनाभर आधी चालू करा. आणि ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही या व्हिडिओ-फाइलच्या प्रकारात ठेवा. मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल उघडेनाशी होते, एमकेव्हीत तोवरचं सगळं वाचतं. नंतर ओबीएसमधूनच ती एमपी४ करता येते.

तिसरी गोष्ट खास आपली. लिनक्सवर ओबीएसमध्ये वक्त्याचं नाव किंवा शीर्षक मजकूर म्हणून टाकलं की देवनागरी तुटते: वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात. ‘विद्यार्थी’ शब्द पडद्यावर असा विस्कटलेला बघून आमचा एक वृद्ध श्रोता म्हणाला होता, “मराठीचा कार्यक्रम अन् मराठीच मोडून राहिली.” कारण असं की ओबीएसचं ते साधं मजकूर-साधन अक्षरांची जुळणी करतच नाही. उपाय सोपा आहे. सगळ्या नावांच्या पट्ट्या इंकस्केपमध्ये करून चित्र म्हणून टाका, किंवा छोटं वेबपान करून ते ओबीएसमध्ये ब्राउझर म्हणून जोडा. मुक्तासारखे मोकळ्या परवान्याचे देखणे फॉन्ट आहेत, ते वापरा.

वीज आणि नेट यांचा भरवसा सप्टेंबरात धरू नका. कडकडाट सुरू झाला की अर्धं नागपूर अंधारात जातं. प्रत्येक वक्त्याकडे इन्व्हर्टर नसतो, पण राउटरपुरता छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो समूहाने दोन घेऊन ठेवावा आणि त्या-त्या दिवशीच्या वक्त्याकडे पोचवावा. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन शेजारी हवाच. आणि प्रत्येक व्याख्यानाची स्लाइड पहारेकऱ्याकडेही असू द्या, म्हणजे वक्ता फक्त फोनवरून बोलला तरी कार्यक्रम चालतो. आवाज शाबूत असेल तर लोक थांबतात. चित्र सुंदर आणि आवाज फाटका असेल तर दोन मिनिटांत निघून जातात. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेऱ्यावर नको, माइक लागलेल्या चार साध्या हेडफोनवर करा, आणि ते वक्त्यांमध्ये फिरवा.

तालीम. इथे मी हट्टी आहे. प्रत्येक वक्त्याच्या दोन तालमी, अपवाद नाही, पाहुण्या वक्त्यालाही नाही. पहिली दहा मिनिटांची, तंत्रासाठी: त्याच खोलीतून, त्याच वेळी, त्याच नेटवर. दुपारी तीनला छान चालणारं नेट साडेसातला अख्खी गल्ली मालिका बघत असताना रडतं, म्हणून ‘त्याच वेळी’ महत्त्वाचं. दुसरी तालीम पूर्ण व्याख्यानाची, आणि समोर विषय मुळीच न कळणारा एक माणूस. माझी वहिनी आजवर बऱ्याच तालमींना बसली आहे. ती फक्त हात वर करते, जिथे समजलं नाही तिथे. तिचा हात जिथे वर गेला तिथे व्याख्यान दुरुस्त करायचं. दुसऱ्या तालमीत हेही बघा: पडद्यावरची अक्षरं फोनवर वाचता येतात का? टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, दाखवणार असाल तर अक्षरं इतकी मोठी करा की ओळीत पन्नास-साठच मावतील. “इथे क्लिक करा” म्हणू देऊ नका. “वरच्या पट्टीत, डावीकडून तिसरं बटण” म्हणायला शिकवा. आवाज ऐकणाऱ्यालाही ते कळतं आणि न दिसणाऱ्यालाही.

तालमीत वक्त्याचं वाक्य सुधारू नका. कुठे घाई झाली, कुठे समजलं नाही, एवढंच सांगा. त्याची बोलण्याची ढब त्याची राहिली पाहिजे.

प्रश्नांची पद्धत मी उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या जुन्या ओपन वीकवरून, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन सप्ताहावरून, घेतली. तो नुसत्या आयआरसीवर, म्हणजे लेखी गप्पांवर चालायचा. एका खोलीत फक्त वक्ता लिहायचा, दुसऱ्या खोलीत श्रोते बोलायचे आणि प्रश्नाच्या आधी ठळक ‘प्रश्न’ असं लिहायचे, म्हणजे गप्पांतून तो वेगळा उचलता यायचा. आजही तसंच करा. श्रोत्याने ‘प्रश्न’ असं लिहून पुढे आपलं नाव, गाव आणि प्रश्न लिहावा. प्रश्नाच्या पहाऱ्यावरचा माणूस ते जमवून, सारखे प्रश्न एकत्र करून सूत्रसंचालकाला देतो. गाव विचारल्याने वातावरण बदलतं. तिरोड्याचा प्रश्न वाचला की पुसदचा माणूसही लिहायला धजतो. यूट्यूबवर चित्र काही सेकंद उशिरा पोचतं, म्हणून “काही प्रश्न?” विचारून लगेच “नाही दिसत” असं म्हणू नये, पहिला प्रश्न नोंदणीच्या वेळी आलेल्यांतला हाताशी ठेवावा आणि त्यानेच सुरू करावं. जो प्रश्न अगदी प्राथमिक वाटतो तो आधी घ्या. त्याच्यासाठीच आपण बसलोय.

नोंदणीत नाव, गाव आणि संपर्काचं एक साधन, बस. जन्मतारीख, कॉलेजचा क्रमांक काही मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शाळकरी मुलं येणार असतील तर शिक्षकाच्या एका नोंदणीवर अख्खा वर्ग बसवा. खोलीत येणाऱ्याचा माइक बंद असावा, पडदा दाखवायची मुभा वक्त्याला आणि पहारेकऱ्यांनाच असावी, प्रतीक्षा-कक्ष चालू असावा. कोणी घाण बोललं तर ताकीद देत बसायचं नाही, बाहेर काढायचं आणि कार्यक्रम पुढे न्यायचा. हे कोण करणार ते आधी ठरवा. आम्ही ते तंत्राच्या पहाऱ्यावर ठेवतो.

रेकॉर्डिंग कोणत्या परवान्याने खुलं होणार हे वक्त्याला पहिल्या भेटीतच सांगा. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय द्या आणि तसंच पुढे वाटा हा परवाना वापरतो, मराठी विकिपीडियावरचा मजकूरही त्याच प्रकारच्या परवान्याखाली आहे. कोणी नको म्हटलं तर त्याचं व्याख्यान रेकॉर्ड करू नका, आणि त्यावरून त्याला बोलण्यापासून वगळूही नका. मराठी उपशीर्षकांचा कच्चा मसुदा व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं सॉफ्टवेअर काढून देतं, पण विशेषनामं आणि तांत्रिक शब्द हाताने दुरुस्त करावेच लागतात. प्रत्येक फाइलला तारीख, वक्ता, विषय, सॉफ्टवेअरची आवृत्ती हे नीट लावा. ग्रंथपालाचं बोलणं वाटेल, पण आवृत्ती लिहिलेली नसली की दोन वर्षांनी तो व्हिडिओ बघणाऱ्याला बटण सापडत नाही आणि तो समजतो की आपलंच चुकतंय.

प्रमाणपत्र मिळेल का, हे विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतील. हजेरीचं देऊ नका. दिलंत तर नुसती नावं लावून बसलेली दोनशे माणसं मिळतील आणि वक्त्याला समोर कोण आहे ते कळणार नाही. शनिवारचं काम पूर्ण करणाऱ्याला द्या, आणि त्यात काम काय केलं ते लिहा.

शनिवार म्हणजे काला. प्रत्येकाने घरून काही आणायचं, एकत्र मिसळायचं, वाटून खायचं. सकाळी दहा ते दुपारी एक, चार-पाच खोल्या, प्रत्येक खोलीत आठवड्यातला एक वक्ता आणि एकच काम. लिबरऑफिसचं मराठी भाषांतर वेबलेट या ऑनलाइन भाषांतराच्या साधनावर चालतं. तिथे प्रत्येकाने दहा वाक्यं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज जमवणाऱ्या प्रकल्पात मराठी आहे. तिथे आवाज द्यायचा आणि दुसऱ्यांचे तपासायचे, यासाठी फोनही पुरतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर आपल्या वस्तीतल्या गल्ल्या, हातपंप, दवाखाने, बसथांबे घालायचे. मानेवाडा-बेसाकडच्या नव्या वस्त्यांमध्ये किती काय राहिलंय ते नकाशा उघडला की दिसतं. एक खोली जुन्या फॉन्टच्या फाइल बदलण्याची, ती नागपुरात रिकामी राहणार नाही. भाषांतरातलं सगळं त्याच दिवशी स्वीकारलं जाईल असं सांगू नका, तपासणारे वेगळे असतात. त्या प्रकल्पाच्या मराठी गटाला दोन आठवडे आधी कळवा, नाहीतर एका दिवसात आलेला ढीग त्यांच्यावर कोसळतो.

खर्च विचारलात. वर सांगितलं तसं केलंत तर दोन छोटे यूपीएस, चार हेडफोन आणि वक्त्यांच्या डेटाचे पैसे. ते आठ जणांत वर्गणी काढून होतं. प्रायोजक पहिल्या वर्षी घेऊ नका. एक व्याख्यान त्यांच्या उत्पादनावर ठेवा असा आग्रह येतोच, आणि नऊपैकी एक देणं फार महाग पडतं.

आजपासून आठ आठवडे हातात धरा. या आठवड्यात पहारे आणि तारीख. पुढचे दोन आठवडे माणसांना भेटणं, शक्यतो समोरासमोर, चहावर. चौथ्यात अर्ज आणि निवड. पाचव्यात पहिल्या तालमी, सहाव्या-सातव्यात दुसऱ्या. आठव्यात पत्रक, आठवणी, आणि एक दिवस संपूर्ण विश्रांती. पत्रक लवकर काढायचा मोह होईल, पण तालीम न झालेलं नाव पत्रकावर घालू नका.

लेखापालांची दुसरी तालीम ठरली की मला कळवा. वहिनीलाही घेऊन येते.